मगनच्या नावाची मूठ

तेवीस.

अभिमनने पुन्हा मोजले. चुलतभाऊ नथ्थूआबा, त्याचे दोन मुलगे आणि तीन नातू, असे सहा. खालच्या आळीतले नऊ. धाकटा भाऊ वना आणि त्याचे दोन मुलगे मिळून तीन. मागच्या महिन्यात नथ्थूआबाच्या पुतण्याला झालेला मुलगा, त्याचं अजून नावही ठेवलेलं नाही, पण तो पुरुषच. मग राजाराम आणि त्याचा म्हातारा बाप. मग स्वतः अभिमन.

आणि मगन.

कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू पडतात. तेवढ्याच गव्हाचं पीठ. तान्ह्याची मूठ पडते, खाटेवर खिळलेल्या म्हाताऱ्याची पडते, परगावी पोट भरायला गेलेल्याची पडते. मेलेल्याची पडत नाही.

बावीस.

हे अभिमनला ठाऊक होतं आणि भाऊबंदकीत दुसऱ्या कोणालाही नव्हतं.

चैत्रात, साक्रीच्या आठवडे बाजारात, बैलांच्या दावणीजवळ एक अनोळखी माणूस त्याला शोधत आला होता. सुरतेहून. मगन त्याच्या चाळीत राहायचा, लूमवर रात्रपाळी करायचा. चाळीतल्या पाच जणांनी एकाच ठिकाणची दारू प्याली होती. दोघं वाचले. मगन वाचलेल्या दोघांत नव्हता.

धुळ्याला काम आहे असं घरी सांगून अभिमन नवापूरमार्गे सुरतेला गेला. सरकारी दवाखान्यात आपला पोरगा ओळखला. तापीच्या काठी एकट्याने अग्नी दिला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. बायको ताईबाईने विचारलं, धुळ्याचं काम झालं का. झालं, म्हणाला.

वनाच्या प्रमिलाचं लग्न बारा दिवसांवर होतं. लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झालं. पोरगी सासरी रुळू दे. रुळली. पाऊस पडू दे, पेरणी उरकू दे, लोकांची मनं जरा हलकी होऊ देत.

पाऊस पडलाच नाही.

श्रावण आला. नागपंचमी झाली. तिच्यानंतरच्या रविवारी थोरल्या घरात, म्हणजे अभिमनच्या घरात, कानबाई बसणार. शनिवारी सकाळी गहू मोजायचे. आज शुक्रवार होता.

*

मगनच्या बायकोला, पुष्पाबाईला, तीन वर्षांत विचारलेले प्रश्न. तिने दिलेली उत्तरं.

— मगन जाताना तुला काय म्हणाला?

— काही नाही. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, 'पुन्हा तोंड दाखवू नको' म्हटलं, ते ऐकून गेले.

— तू अडवलं का नाही?

(उत्तर नाही.)

— तू आमच्या देवीला हात जोडत नाहीस, ते खरं का?

— माझ्या माहेरी उपदेश घेतलेला आहे. एका परमेश्वरावाचून दुसऱ्या कोणापुढे मागायचं नाही, असा आमचा नेम. लग्नाच्या बैठकीत वडिलांनी हे सांगितलं होतं. आबा तेव्हा हो म्हणाले होते.

— रोट खात नाहीस?

— नाही. पण पीठ मी दळते. चूल मी सारवते.

— मग नवरा कसा परत येईल?

पहिल्या वर्षी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या वर्षी वनाची बायको यशोदाबाई हळूच बोलली, की घरात एक हात जोडला जात नाही म्हणून घरातला एक माणूस कमी आहे. तिसऱ्या वर्षी ते सगळी भाऊबंदकी मोठ्याने बोलत होती.

सासू, ताईबाई, बोलत नव्हती. तिने पायात वहाण घालायचं सोडलं होतं, गोड सोडलं होतं. दंडावर निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले सात दोरे होते आणि आठव्यासाठी ती उन्हातान्हात अनवाणी पिंपळनेरपर्यंत जाऊन आली होती. तिथल्या भगताने तिला सांगितलं, यंदा पोराच्या नावाची मूठ त्याच्या बायकोच्या हातून पडली पाहिजे. तिने मूठ टाकून कानबाईपुढे डोकं टेकलं, की दिवाळीच्या आत पोरगा दारात.

पुष्पाबाईचं माहेर पहूरचं. पाच वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा मगन तिची चेष्टा करायचा. तुझा एकच देव, मग त्याला सुट्टी कधी मिळते, म्हणायचा. ती रोज तांबडं फुटताना उठून गोठ्याच्या कोपऱ्यात स्मरणी घेऊन बसायची, तिथे तोही कधी कधी येऊन बसायचा आणि डुलक्या काढायचा. तो गेल्यावर ती एकटी बसू लागली. तीन वर्षं. घरात काहीही होवो, त्या अर्ध्या तासानंतर ती उठायची तेव्हा दिवसभराचं काम तिला उचलता येई.

तिला एवढंच हवं होतं. ते कोणी काढून घेऊ शकेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

*

जळगावच्या एसटीने वना आणि यशोदाबाई शुक्रवारी दुपारी उतरले. वना पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. पिंप्राळ्याला नवं घर बांधलेला, पँटच्या खिशात नेहमी दोन पेनं. रस्त्याने त्याने दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं बघितली होती, ओळीने बसलेली, त्यांच्यात दोघं शाळेतले सोबती होते. त्याने बसची खिडकी लावून घेतली होती.

घरात आल्यावर वहिनीने, म्हणजे ताईबाईने, त्याला बाजूला घेतलं. तुझं ती ऐकते, तू शिकलेला आहेस, तू सांग.

वनाला पुष्पाबाईची दया यायची. ती खरी होती. पण रविवारी प्रमिलाच्या सासरची माणसं धुळ्याहून कानबाईच्या दर्शनाला यायची होती, आणि घरात सून एका बाजूला, सासू एका बाजूला असं त्यांनी पाहू नये, हेही खरं होतं. दोन्ही खऱ्या गोष्टी घेऊन तो विहिरीवर गेला. विहिरीत पाणी तळाला होतं. पुष्पाबाई दोर पुरेना म्हणून त्याला लुगड्याचा तुकडा जोडत होती.

तो बराच वेळ बोलला. देव एकच आहे हे मीही मानतो, म्हणाला. मग त्याला इथे हात जोडले काय नि तिथे जोडले काय, तो रागावेल का? वहिनीच्या पायांकडे बघ. टाचा फाटून रक्त येतं. तुझ्या एका मुठीने त्या बाईला दोन घास गोड लागतील. आणि समजा, भगताचं खरं निघालं तर? समजा तुझ्या हट्टापायी तो यायचा राहिला तर?

"नाना," पुष्पाबाई म्हणाली, "आधीचं सगळं बोललात ते माझ्यापर्यंत पोचत होतं. हे शेवटचं का बोललात?"

"का, चुकलं?"

"चुकलं नाही. त्याचीच भीती वाटते मला."

तिने दोराची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, टाकेन.

वनाला वाटलं आपण चांगलं काम केलं. परत येताना तो शीळ घालत होता. पडवीत बसलेल्या अभिमनला त्याने ते सांगितलं, तेव्हा थोरल्या भावाचं तोंड बघून मात्र त्याला कळेना, की ही बातमी आनंदाची आहे की काय आहे.

"ती हो म्हणाली?" अभिमनने विचारलं.

"हो."

"तू तिला भाग पाडलंस."

"भाऊ, मी समजावलं. आणि मगनसाठीच ना?"

अभिमन उठून आत गेला.

संध्याकाळी ताईबाईने सुनेला पुढ्यात बसवून तिच्या केसांना तेल लावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. वेणी घालता घालता ती गुणगुणत होती. पुष्पाबाई डोकं सासूच्या हातात देऊन बसली होती. अभिमनने दारातून ते पाहिलं. आता सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण मग वेणी पुरी होऊ दे असं वाटलं.

*

शनिवार. ओसरी सारवलेली. मधोमध सूप, सुपाशेजारी गव्हाची पाटी. यंदा गहू कोणाच्याच घरात धड नव्हता. बहुतेकांच्या घरी रेशनचा लाल मिलो, परदेशी ज्वारी, शिजत होता. त्यामुळे रोटांसाठी वनाने जळगावहून गहू आणला होता आणि तो त्याने आणला हे यशोदाबाईने आल्या आल्या चार जणींना सांगितलं होतं. पुरुष भिंतीला टेकून, बाया आतल्या दाराशी. देवीचा नारळ अजून कोनाड्यात फडक्याखाली होता. त्याला उद्या डोळे लावायचे, नथ घालायची.

नथ्थूआबा सगळ्यांत वडील. तो नाव घेई, ज्याच्या घरातलं नाव असेल तो पुढे येऊन मूठ टाकी, मग वरची पाव मूठ.

"नथ्थू दगा."

पडली.

"वना शंकर."

पडली. वना मूठ टाकून मागे सरला तेव्हा कोणीतरी म्हणालं, सरकारी नोकराची मूठ बघा किती मोठी. हसले सगळे. तान्ह्याची मूठ टाकायची तेव्हा त्याच्या आईने त्याची बोटं दाण्यांना लावली, त्याने दोन दाणे घट्ट धरून ठेवले, ते सोडवताना पुन्हा हसू झालं. पावसाशिवायच्या त्या श्रावणात माणसं हसायला कारण शोधत होती.

"अभिमन शंकर."

अभिमनने मूठ टाकली. काही दाणे सुपाबाहेर सांडले. वय झालं आबाचं, कोणी म्हणालं.

"मगन अभिमन."

हसू थांबलं. ताईबाईने पुष्पाबाईच्या पाठीवर हात ठेवला.

पुष्पाबाई पुढे आली. बसली. पाटीत हात घातला आणि मूठ भरली.

मूठ भरून ती तशीच बसून राहिली.

तिच्या मनात काय चाललं होतं ते ओसरीवर कोणालाही सांगता आलं नसतं, तिलाही नाही. पहाटे ती गोठ्यात बसली होती. स्मरणी फिरत होती, पण आत काही नव्हतं. प्रत्येक मण्याला ती आजच्या मुठीचा हिशोब करत होती. मूठ टाकली आणि तो आला तर. टाकली आणि नाही आला तर. नाही टाकली आणि नाही आला तर. तीन वर्षं जिथे तिने पाय टेकवले होते ती जमीन एका 'टाकेन' मध्ये निघून गेली होती. देवावर राग नव्हता. देव होता तिथेच होता. तीच उठून बाजारात जाऊन बसली होती.

"नवराना नावनी मूठ टाकाले इतला इचार काय करस?" यशोदाबाई म्हणाली.

पुष्पाबाईने मूठ पाटीवर नेली आणि उघडली. गहू पाटीत परत पडले.

"अक्का," ती सासूकडे वळली, "काल मी हो म्हणाले ते भीतीने म्हणाले. मला माफ करा. तुमच्या देवीचा मी कधी अनादर केला नाही, आजही करत नाही. पण ही मूठ मी टाकली, तर त्यांचं जगणं-मरणं माझ्या मुठीत आहे असं मीच म्हटल्यासारखं होईल. ते तसं नाही. ज्याच्या हातात ते आहेत त्याच्यावर मी त्यांना सोडलंय. तीन वर्षं सोडलंय. आता त्याच्या हातातून मी ओढून घेऊ शकत नाही."

मग एकदम सगळे बोलले.

काय काय बोलले:

की अशी सून केली हीच चूक. की पहूरकडच्यांना दूरच ठेवायला हवं होतं. की पाऊस का पडत नाही ते आता कळलं. की हिला आजच माहेरी धाडा. की नवरा परत यावा असं हिला वाटतच नाही. वना म्हणाला, कालचं काय झालं, शब्द देऊन फिरवतेस? त्याचा आवाज चढला होता, कारण प्रमिलाच्या सासरची माणसं उद्या यायची होती. राजाराम तिची बाजू घेऊन काहीतरी पुटपुटला, तर त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

ताईबाईचा हात मघाशी जिथे सुनेची पाठ होती त्या उंचीवर तसाच राहिला होता.

यशोदाबाई मात्र पुढे आली. "मायबाई, आते ऐका. नवराले जित्ता ठेवानं का मारानं ते हिना हातमा व्हतं. हिनी हात उघडा अन् मारी टाकं त्याले. आठेच, आम्हना समोर."

"मगन नही शे."

अभिमनचा आवाज इतका साधा होता, की पुष्कळांना कळलंच नाही तो कोणाला काय सांगतोय.

"चैतमा गया," तो म्हणाला. "सुरतमा. मी जाई उनू. मीच अग्नी दिना."

*

वना.

आधी त्याला वाटलं थोरला भाऊ सुनेला वाचवायला खोटं बोलतोय. मग त्याने थोरल्या भावाच्या मांडीवरचे हात पाहिले आणि खोटं वाटायचं बंद झालं.

मग तारीख. चैत्र. वैशाखात प्रमिलाचं लग्न. तिच्या सख्ख्या चुलतभावाचं सुतक, आणि त्या सुतकात आपण मांडव घातला, हळद लावली, देवक बसवलं. त्याच्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं: "धुळ्याच्या लोकांना मी काय सांगू?"

निघाल्यावर ते त्यालाच ऐकू आलं. मगनला त्याने खांद्यावर घेऊन जत्रेला नेलं होतं. ते त्याला नंतर आठवलं.

"लग्नासाठी लपवलं ना तुम्ही?" तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या पोरीसाठी?"

ओसरीवरचे काही जण ते ऐकून मान हलवू लागले. म्हातारा पुतणीच्या लग्नासाठी एवढं गिळून बसला. क्षणभर अभिमनकडे बघायच्या नजरा बदलल्या. एवढं म्हणू दिलं असतं तरी चाललं असतं. पुढे पन्नास वर्षं भाऊबंदकीत हीच गोष्ट सांगितली गेली असती आणि तिच्यात अभिमन आबा मोठा ठरला असता.

"नाही," अभिमन म्हणाला. "लग्न हे निमित्त. तो दारू पिऊन मेला वना. विषारी. आणि मी गावाच्या दारूबंदी कमिटीचा अध्यक्ष. साक्रीच्या बाजारात तो माणूस येऊन मला म्हणाला, तुमचा मगन गेला. तर मी त्याला पहिलं काय विचारलं ठाऊक आहे? कसा गेला, ते नाही. तू इथे आलास ते कोणी बघितलं का, हे विचारलं."

तो थांबला.

"चौकात लोक आबा आबा म्हणतात. त्या 'आबा'ला मी मूर्तीसारखं पुजलं. पोरगा त्याला बट्टा लावतो म्हणून हाकलला. मेला तरी बट्टा लागेल म्हणून लपवला. तुम्ही या पोरीला म्हणता, तिने हात जोडला नाही. मी आयुष्यभर हात जोडले. कानबाईपुढे जोडले असं तुम्हाला वाटायचं. मी माझ्यापुढेच जोडत होतो."

ताईबाई उठली. लोकांनी तिला धरायला हात पुढे केले, पण ती पडली नाही. ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "मी पिंपळनेर जाई उनू. तुम्हीन माले जाऊ दिनं."

 

*

नथ्थूआबाने काठी टेकून उठत सांगितलं, की आज कळलं तर आज सगळ्यांना अंघोळ, बाकीचं जाणत्याला विचारू. रोट होणार नाहीत. देवी बसणार नाही. या घराण्यात दुष्काळातही रोट चुकले नव्हते, प्लेगाच्या सालीही नव्हते, असं म्हणताना त्याला हुंदका आला. तो मगनसाठी होता की रोटांसाठी, कोण सांगणार.

सुपातले गहू गाईला घालायचे ठरले. ओसरी रिकामी झाली. जाताना कोणी अभिमनशी बोललं नाही. काही बाया पुष्पाबाईजवळून जाताना थांबल्या, पण काय म्हणावं ते न सुचून पुढे गेल्या. राजारामची बायको पदर तोंडाशी धरून परत आली आणि न बोलता पाण्याची घागर भरून ठेवून गेली.

वनाने धुळ्याला माणूस धाडला. निरोपात काय सांगायचं म्हणून त्याने कागद घेतला, पेन काढलं, दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा त्याने खरं ते लिहिलं.

मग उरलं ते काम. पुष्पाबाईच्या बांगड्या.

हे घरातल्या मोठ्या बाईने करायचं. ताईबाईच्याने होणार नव्हतं. यशोदाबाई होती. ती न्हाणीघराच्या दाराशी दगड घेऊन आली, पुष्पाबाईचा हात धरला आणि तो हात धरून तशीच बसली. तासाभरापूर्वी याच हाताने नवरा मारला असं ती सगळ्यांसमोर बोलली होती.

तिने दगड बाजूला ठेवला. पुष्पाबाईच्या मनगटाला साबण लावला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून, न फोडता, सरकवत काढल्या. दोन्ही हातांच्या. बराच वेळ लागला.

"दुखलं का?" तिने विचारलं.

"नाही काकू."

"माले काय माहीत व्हतं," यशोदाबाई म्हणाली. बांगड्या पदरात घेऊन ती उठली. त्यांचं काय करायचं असतं हे तिला माहीत नव्हतं, कारण न फोडलेल्या बांगड्यांचं काय करायचं हे कोणीच कधी ठरवलेलं नव्हतं.

*

दुपार कलली. चूल पेटली नव्हती. ताईबाई आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती, पाय पुढे पसरून, आणि पुष्पाबाई तिच्या टाचांना पाणी लावत होती. ताईबाई एकेक दोरा तोडत होती. पाचव्या दोऱ्याची गाठ सुटेना, तिने दातांनी तोडला. रडत नव्हती. मोजत होती. हा कुठला, हा कुठला. कोणत्या ठिकाणी किती चालले, कुठे उपाशी बसले.

"सर्वी जागावर मी एकच मांगं," ती म्हणाली. "आण. मना पोऱ्याले परत आण. चैत झाया, वैशाख झाया, मी म्हणतच ऱ्हायनू. आण, आण. तो नव्हताच आणाले."

पुष्पाबाई टाच पुसत राहिली.

"तू काय मांगे?"

"अक्का, राहू द्या."

"सांग. तीन वरीस पहाटले उठे. काय मांगे?"

पुष्पाबाईने फडकं पिळलं. सांगावं की नाही याचा तिने खरंच विचार केला. आज सांगितलं तर बढाईसारखं वाटेल, आणि नाही सांगितलं तर ही बाई पुढचं आयुष्य ते तोडलेले दोरे मोजत बसेल.

"परत आण असं मी पहिल्या महिन्यातच म्हणायचं सोडलं," ती म्हणाली. "म्हणताना माझाच जीव घाबरा व्हायचा. मग एवढंच म्हणायचे, ते जिथे असतील तिथे तुझ्याजवळ ठेव. बास. तेवढंच."

"रोज?"

"रोज."

"चैतना नंतरबी?"

"हो. नंतरही. मला कुठे ठाऊक होतं." तिचा आवाज आज पहिल्यांदा फुटला. "पण अक्का, ते मागणं मेलेल्या माणसासाठीही मागता येतं. त्यातला एक दिवसही वाया गेला नाही."

ताईबाईने दोन्ही हातांनी सुनेचं डोकं ओढून छातीशी घेतलं आणि मोठ्याने रडायला लागली, गावाला ऐकू जाईल अशी. पाच महिने उशिरा, पण रडायला लागली.

अभिमन दाराबाहेर भिंतीला टेकून बसला होता. त्याला आत बोलावलं नव्हतं आणि आत जायचा अधिकार आपल्याला आहे असं त्याला वाटत नव्हतं. रस्त्याने दोन माणसं गेली. एरवी 'राम राम आबा' म्हणत. आज म्हणाली नाहीत. त्याने वाट पाहिली, की हे आता बोचेल. बोचलं, पण जितकं वाटलं होतं तितकं नाही. जिथे बोचायचं तिथे आधीच मोठी जखम होती.

आतला आवाज ऐकत त्याने डोळे मिटले. कोणत्या देवाला म्हणावं ते त्याला ठरवता येईना. सुनेचा जो कोण एक आहे त्याला म्हणू, असं मनात आलं.

मगन, तो म्हणाला. पुढचं निघेना. तोंडातून फक्त नावच येत होतं. इतक्या दिवसांत ते नाव त्याने एकट्याने कधी घेतलं नव्हतं.

मगनला तुझ्याजवळ ठेव.

समोर शेतं उघडी पडली होती, काळी, भेगाळलेली. ढग नव्हता. उद्या गाव काय म्हणेल, वना बोलेल की नाही, आतल्या दोघी त्याला पुन्हा ताट वाढतील की नाही, यातलं काहीच त्याच्या हातात उरलं नव्हतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी नसलेलं काहीतरी मागितलं होतं, आणि ते मिळालं की नाही हे कळायची त्याला घाई नव्हती.